आरोग्यविषयक व्हिडिओ, लेख: कशावर विश्वास ठेवावा? सल्ला हवा आहे

निशिगंध२१
आईला हायपोथायरॉइडिझम (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते) निघालाय. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी) सुरू केलंय, पण गोळी बहुतेक कायम घ्यावी लागेल हे ऐकल्यापासून ती धास्तावली आहे. दिवसभर फोनवर व्हिडिओ बघते आणि मला दाखवते. कालचा होता 'गोळी सोडली आणि थायरॉईड मुळापासून बरा'. खाली ढिगाने कमेंट्स, सगळ्यांना फरक पडलेला. मी म्हटलं, असलं काही नसतं. तर म्हणाली, "एवढी माणसं काय खोटं बोलतील का?" यावर मला काही बोलता आलं नाही.
मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. अशा माहितीची पारख कशी करायची? कुठल्या साइट्स भरवशाच्या? आईला न दुखवता समजवायचंय, त्यामुळे अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

काठपदर
मी आधी व्हिडिओखालची माहिती पूर्ण उघडून बघते. तिथे पावडरची लिंक, डिस्काउंट कोड किंवा 'पर्सनल कन्सल्टेशन'चा नंबर असेल तर पुढे बघायचे कष्टच घेत नाही. मग तारीख. जुनाच व्हिडिओ नव्या नावाने फिरत असतो.

गणकयंत्र
औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईंचा प्रश्न एकदम रास्त आहे, आणि माझ्या मते त्या कमेंट्समधली बरीचशी माणसं खरंच बोलत असतील.
लेव्होथायरॉक्सिन शरीरात खूप रेंगाळतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून तर डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं) लगेच न बघता सहा-आठ आठवड्यांनी बघतात. आज गोळी सोडलेल्या माणसाला पुढचे काही दिवस, कधी काही आठवडेही, छान वाटू शकतं. तेवढ्यात तो कमेंट टाकून मोकळा होतो. पुढे थकवा, बद्धकोष्ठता, अंगावर सूज सुरू झाली की ते सांगायला त्याच व्हिडिओवर परत कोण येतं?
दुसरं म्हणजे, काहींचा टीएसएच किंचितच वाढलेला असतो आणि टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल असतं. अशा बऱ्याच जणांचा टीएसएच काहीही न करता पुढच्या तपासणीत नॉर्मल येतो. बाळंतपणानंतर थायरॉईडला सूज येऊन जो त्रास होतो, तोही अनेकींचा आपोआप जातो. त्या काळात त्यांनी जे काही घेतलं असेल, त्याला श्रेय मिळतं.
म्हणून कुठल्याही दाव्याला माझा पहिला प्रश्न असतो: कशाच्या तुलनेत? ज्यांनी तो उपाय केला नाही त्यांचं काय झालं? याचं एक उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांमधलं द्रव्य) जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं निरीक्षणांमधून दिसत होतं. सगळ्यांना ते पटलंही होतं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कोणाला खरी गोळी आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला! 'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना' असं कोणी म्हटलं की मला हीच चाचणी आठवते.
टक्क्यांबद्दलही सांगतो. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपात वाढले. 'दुप्पट' म्हणजे मुळात काय होतं, तर ७,००० जणींत एकीच्या जागी दोघी. बातमीत 'दुप्पट' किंवा '५० टक्क्यांनी कमी' दिसलं की किती जणांत किती, हे शोधा. ते कुठेच दिलेलं नसेल तर त्या बातमीवरून कुठलाही निर्णय घेऊ नका.

पानगळ
गणकयंत्र, रेंगाळणाऱ्या औषधाचा मुद्दा अगदी पटला. +१
साइट्सचं विचाराल तर मी आधी मेडलाइनप्लस बघते. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची आहे, जाहिराती नाहीत, भाषा सोपी. मग ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची साइट. एखाद्या उपचारावर झालेल्या सगळ्या चाचण्या मिळून काय म्हणतात हे हवं असेल तर कॉक्रेन या संस्थेची साइट. त्यांचे सोप्या भाषेतले सारांश मोफत वाचता येतात.
पानावरच्या शिक्क्यांवर जाऊ नका. 'हॉनकोड' नावाचं एक प्रमाणपत्र आरोग्याच्या साइट्सना मिळायचं. ते देणारी संस्थाच २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा तो लोगो आता कुठे दिसला तरी त्याला अर्थ नाही.

सरळरेघ
मला वाटतं थेट पबमेडवर जाऊन मूळ शोधनिबंध वाचावा. मधले दलाल कशाला?

गणकयंत्र
सरळरेघ, इथे मी असहमत. पबमेड ही शोधनिबंधांची नुसती सूची आहे. तिथे उंदरांवरचे प्रयोग आहेत, दहा-बारा माणसांवरचे आहेत, मागे घेतलेले निबंधही आहेत. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा निबंध फक्त १२ मुलांवरचा होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. सवय नसलेल्या माणसाने एकेक निबंध वाचला तर आपल्याला हवा तोच सापडतो. त्यापेक्षा पानगळ यांनी सांगितलेला रस्ता बरा.
आणि एक सवय लावून घ्या. पान कितीही चकचकीत असलं तरी त्याच पानावर त्याची परीक्षा करत बसू नका. दुसरी टॅब उघडा, बोलणाऱ्याचं नाव आणि दावा शोधा, इतर लोक काय म्हणतात ते बघा. सर्चमध्ये वर येणारं एआयचं तयार उत्तरही असंच तपासायचं: त्याने दिलेली लिंक उघडून तिथे खरंच ते लिहिलंय का बघायचं.

निशिगंध२१
मनापासून आभार. 'ती माणसं खरंच बोलत असतील' इथून सुरुवात केली तेव्हा आई पहिल्यांदा शांतपणे ऐकत होती. आता तिने आणखी एक मेसेज दाखवलाय: 'केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो'. हाही तसलाच ना? ती घेते त्या गोळ्या.

पानगळ
नाही, हा खरा आहे! बायोटिनमुळे (हे एक ब जीवनसत्त्व) रक्ताच्या काही तपासण्या चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये दिला होता. थायरॉईडच्या काही तपासण्यांमध्ये टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे डोस जास्त होतोय असा गैरसमज व्हायचा. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. आईंची पुढची तपासणी कधी आहे? त्याआधी डॉक्टरांना फोन करून या गोळ्यांचं सांगा, आणि बाटलीवर बायोटिन किती मायक्रोग्रॅम लिहिलंय तेही वाचून दाखवा.