जाताना जास्त तास का लागतात

भाऊ, मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ का, असं तुम्ही विचारलंत. अंतर तेच, सर्वात जवळच्या मार्गाने साधारण 12,500 किलोमीटर. फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात तर फारच. येताना तो पाठीशी असतो, जाताना समोरून. तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ.

आईवडिलांना पाठवताय ना? मग जळगाव-मुंबई रेल्वेचे सात-आठ तासही धरा. माझं ऐकाल तर त्यांना आदल्या दिवशीच मुंबईत पोचवा, रात्री नीट झोपू द्या.