इंदूर: लॉनमध्ये पाणी साचतं, पेव्हर खचले, ठेकेदार उरलेले पैसे मागतोय. काय करावं?

निपानिया_बंगला:
बंगल्यामागे १२०० चौरस फूट लॉन, गेटपासून ओट्यापर्यंत पेव्हरची वाट आणि कडेच्या झाडांना ड्रिप, असं काम एका स्थानिक ठेकेदाराला दिलं होतं. कोटेशनमध्ये लिहिलंय: '९ इंच माती बदलून शेणखत मिसळणे, सिलेक्शन नंबर वन गवत, ६० मिमी पेव्हर बेससहित, ड्रिप पूर्ण.' ठरलेली रक्कम २,४०,०००, त्यातले १,८०,००० दिले आहेत.

आता पाऊस पडला की घराकडच्या बाजूला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी राहतं. गवत पट्ट्यापट्ट्यांनी पिवळं पडलंय, मधून लव्हाळ्याचं तण वर आलंय. गेटजवळ गाडी वळते तिथले पेव्हर खचलेत. ड्रिपच्या शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. ठेकेदार म्हणतो, काळी माती आहे, पावसाळ्यात असं होणारच, युरिया टाका. आणि उरलेले ६०,००० दिल्याशिवाय माणसं पाठवणार नाही. पैसे देऊन काम करून घ्यावं की दुसऱ्याला बोलवावं? घरचे म्हणतात थेट पोलिसांत जा.

काळीमाती:
पैशाचं नंतर बघू. आधी जमीन उघडा. पिवळ्या पट्ट्यात दोन, हिरव्या भागात एक आणि पाणी साचतं तिथे एक, असे फूटभर खोल खड्डे घ्या. खड्ड्यात टेप उभी धरून फोटो काढा. चांगली माती किती इंच आणि खाली काय लागतं, हे फोटोत दिसलं पाहिजे.

हिशेब सोपा आहे. १२०० चौरस फुटांवर ९ इंच म्हणजे ९०० घनफूट, म्हणजेच ९ ब्रास (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). सैल माती दाबल्यावर बसते, त्यामुळे आणायला त्याहून जास्तच लागते. किती ट्रॉल्या आल्या त्याच्या पावत्या मागा. नव्या बंगल्याच्या मागे बहुतेक वेळा बांधकामाचा मलबा पसरलेला असतो आणि त्यावर तीन-चार इंच मातीचं पांघरूण घालून गवत लावून टाकतात. सिमेंट-चुन्यामुळे जमीन अल्कधर्मी होते आणि गवताला लोह मिळत नाही. अशा वेळी कोवळी पाती पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर जुनी पाती आधी पिवळी पडतात. युरिया त्या दुसऱ्या दुखण्याचं औषध आहे. पाण्यात मुळं कुजत असतील तर तोही व्यर्थ.

निचऱ्याची परीक्षाही घ्या. फूटभर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरून पातळी मोजा. तासाला अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरत असेल तर तिथे लॉन टिकणार नाही.

लव्हाळा मातीबरोबर आलेला आहे. वरची पाती उपटून उपयोग नाही, खालच्या गाठींतून तो पुन्हा फुटतो. माती चाळून, गाठी वेचून टाकणं हे ठेकेदाराचं काम होतं.

पेव्हर_बेस:
६० मिमी ब्लॉक एम-३५ प्रतीच्या (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) काँक्रीटचा असेल तर मोटारीला चालतो. जाडीवरून भांडू नका, तो मुद्दा ठेकेदार जिंकेल. दोष खाली आहे. खचलेल्या जागी चार ब्लॉक उचला. आपल्या मातीवर आधी काळी माती खोदून काढावी लागते, मग मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा, त्यावर चार ते सहा इंच दाबलेली गिट्टी आणि शेवटी फक्त दीड इंच जाड वाळू. बेस उंचसखल असला की तो लपवायला तीन-चार इंच वाळू भरतात. गाडीचं चाक वळलं की ती वाळू सरकते आणि ब्लॉक बसतात. कडेला कर्ब (कडेचे उभे ब्लॉक) सिमेंटमध्ये घट्ट नसेल तर सगळी वाट बाजूला पसरते. हे तिन्ही तपासा.

उतार लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. लॉनला घरापासून बाहेरच्या दिशेने दर १० फुटांना ६ सेंमी तरी हवा. तुमचा उतार उलटा दिसतोय, आणि सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. काळी माती भिजून फुगते, सुकून फाटते. प्लिंथजवळ (घराच्या जोत्याजवळ) हे वारंवार झालं तर भिंतीला तडे जातात. वाद मिटेपर्यंत थांबू नका, फोटो काढून झाले की तात्पुरता चर खणून पाणी बाहेर काढा.

ड्रिप टाकीवर असेल तर दाब बघा. पाण्याच्या १० मीटर उंचीला दर चौरस सेंमीवर १ किलो दाब मिळतो, एकमजली घराच्या टाकीतून त्याच्या निम्माही मिळत नाही. आधी फिल्टर धुवा आणि लॅटरलची (झाडांजवळून जाणाऱ्या बारीक नळ्यांची) शेवटची टोकं उघडून गाळ काढा. मग छोटा पंप लागतो का ते ठरवा.

ग्राहकमंच_वाचक:
पोलिसांत जाऊन हाती काही लागणार नाही. काम निकृष्ट असणं ही सेवेतली त्रुटी आहे, तिची जागा ग्राहक आयोगात. ६०,००० आत्ता देऊ नका, पण गप्पही बसू नका. 'दोष दुरुस्त झाल्यावर देईन' असं लेखी कळवा, नाहीतर पैसे बुडवल्याचा कांगावा होईल.

पत्रात कोटेशनची एकेक ओळ आणि तिच्यासमोर मोजलेली स्थिती लिहा. 'लॉन खराब आहे' यात काही सिद्ध होत नाही. 'कबूल ९ इंच, सापडली इतकी' यात होतं. दुरुस्तीला १५ दिवस द्या. पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा, तेच व्हॉट्सअॅपवरही टाका आणि जुने मेसेज पुसू नका. दुसऱ्या ठेकेदाराकडून दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या, पण खड्ड्यांचे फोटो होईपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. काम बदललं की पुरावा गेला.

तरीही हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, पुढे इंदूरच्या जिल्हा आयोगात. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही.

निपानिया_बंगला:
खड्डे घेतले. माती साडेतीन ते चार इंच, खाली विटांचे तुकडे आणि प्लास्टर. पेव्हरखाली वाळू, लगेच काळी माती. फोटो पाठवल्यावर ठेकेदार नरमलाय. म्हणतो, वरून तीन इंच माती टाकून देतो, गिट्टीही भरतो.

काळीमाती:
वरून माती अजिबात घेऊ नका. गवत गुदमरेल, मलबा तसाच राहील आणि लॉनची पातळी प्लिंथकडे आणखी चढेल. मलबा उचलून बाहेर नेणं, उतार काढणं, मग ९ इंच माती, हाच क्रम लिहून घ्या. थोडीशी वाळू कालवून देतो म्हणाला तर नको म्हणा. चिकणमातीत अर्धवट वाळू गेली की ती आणखी घट्ट होते. कुजलेलं शेणखत एक चतुर्थांश धरा.

आणि आत्ता भर पावसात काम सुरू करू देऊ नका. ओल्या काळ्या मातीवर ट्रॉली फिरली तर ती दबून दगड होते. पाऊस गेल्यावर वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होऊ द्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माती झाली तर गवत लगेच लावा, उशीर झाला तर थंडी जाऊ द्या आणि फेब्रुवारीअखेर लावा.

पेव्हर_बेस:
गिट्टी भरताना समोर उभे राहा, दाबलेल्या थरावर टेप लावा. पैसेही टप्प्याने सोडा: मलबा बाहेर गेल्यावर १५,०००, बेस मोजून झाल्यावर १५,०००, बाकीचे ३०,००० एक जोराचा पाऊस पाणी न साचता गेल्यावर.