ठासणीच्या बंदुकीवर ‘टॉवर’ लिहिलंय, हा कारखाना कुठला?

ओटीवरची_सून:
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. देवरुखजवळच्या आमच्या घरात ओटीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असते. शेतीसंरक्षणाचा परवाना चुलतसासऱ्यांच्या नावावर आहे, निवडणूक आली की ती रीतसर चौकीत जमा होते आणि परत येते. म्हणजे कागदांची काळजी नको. प्रश्न वेगळाच आहे. परवान्याच्या पुस्तकात ‘मेकर’ समोर ‘टॉवर’ लिहिलंय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय की बंदूक पेशवाईतली आहे. मग पेशव्यांना बंदुका विकणारा हा टॉवर कोण?

काल काकांसमोर बसून फडक्याने पुसली आणि दिसलं ते लिहून काढलं. नळी ९९ सेंटिमीटर, अख्खी बंदूक १४० च्या आसपास. नळी लाकडाला तीन लोखंडी कड्यांनी धरलेली. चकमक नाही, घोडा आपटला की पेटणाऱ्या टोपीवर उडणारी आहे. घोड्याच्या मागे पत्र्यावर मुकुट, मुकुटाखाली काही नाही. घोड्याच्या पुढे इंग्रजीत ‘टॉवर’ आणि त्याच्यावर १८६ पर्यंत आकडे, शेवटचा झिजलाय. नळीच्या बुडाशी डावीकडे फुलीसारख्या दोन काठ्या आणि वर मुकुट, असे दोन शिक्के. शेजारी २५, तोही दोनदा. धाकट्या दिरांचं म्हणणं, २५ म्हणजे १८२५. नेम धरायची मागची माशी नाही, तिथे झाळकामाचा डाग आहे. नळी आतून गुळगुळीत. मुलाच्या व्हर्नियरने तोंडाशी मोजली तर १६.८ मिलिमीटर भरली.

फोटो टाकणार नाही, काकांना आवडत नाही.

जुनंपानं:
वर्णन फोटोपेक्षा बरं केलंत. आधी टॉवरचं सांगतो. हा कारखानदार नव्हे. लंडनचा टॉवर, म्हणजे तिथला किल्ला, हे ब्रिटिश सरकारच्या शस्त्रखात्याचं ठिकाण होतं. ती खूण पुढे इतकी रुळली की बाहेरचे कारागीरही पत्र्यावर तेच नाव कोरायला लागले. भारतात किती परवान्यांवर ‘मेकर: टॉवर’ असेल याला गणती नाही.

पेशवाईचं मात्र सोडून द्या. पेशवाई १८१८ ला संपली. तीन कड्यांची ९९ सेंटिमीटर नळी आणि टोपीचा घोडा, म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच बंदुकीची. मूळ नळीला आतून तीन आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा, असतात आणि व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या जरा वर. तुमची गुळगुळीत आणि १६.८ आहे, इथेच गंमत आहे. उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना आट्यांची लांब पल्ल्याची बंदूक द्यायची नाही असं ठरवलं. १८५८ च्या नमुन्यात हीच नळी आतून कोरून ०.६५६ इंच केली, १६.६६ मिलिमीटर. मागची शिडीची माशी काढली. तुमच्याकडे त्या शिपाई बंदुकांपैकी एक असावी.

काडतूस_नको:
जुनंपानं, टॉवरचं पटलं, शिपायाचं नाही. मुकुटाखाली काही नाही असं त्या स्वच्छ लिहितायत. सरकारी बंदुकीवर तिथे राणीची ‘व्ही. आर.’ अक्षरं हवीत, आणि पत्र्यावर नाही तर नळीवर कुठेतरी सरकारी बाण हवा. त्याऐवजी आहेत फुलीतल्या काठ्या. ते राजदंड आहेत, बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा शिक्का. हे घर १८१३ साली सुरू झालं, खाजगी कारागिरांच्या नळ्या तिथे जादा दारू भरून उडवून पारखत. त्यात टिकली की शिक्का. २५ हे साल नव्हे हो! एक रत्तल शिशाचे २५ सारखे गोळे केले तर त्यातला एक त्या नळीत बसतो, असं ते माप आहे. २५ म्हणजे ०.५७७ चीच नळी. शिक्का मारला तेव्हा ती साडेचौदा मिलिमीटरची होती, १६.८ नव्हती.

मग १६.८ कुठून आलं? सोळा बोअरचं, म्हणजे रत्तलात सोळा गोळ्यांचं, माप १६.८ आहे. कुणीतरी मागाहून आटे खरवडून छऱ्यांची बंदूक केली. लढाईची बंदूक कोकणात येऊन डुकरांची झाली. माझा अंदाज: १८६० च्या दशकात बर्मिंगहॅमला अमेरिकेच्या यादवीसाठी अशा बंदुका ढिगाने बनत होत्या. तुमची त्याच धंद्यातली, फिरत फिरत इथे आलेली. खरा कारागीर हवा असेल तर लाकडाच्या आत, ठासायच्या गजाच्या खोबणीत बघा. बर्मिंगहॅमवाले तिथे नाव ठोकत. नळीच्या पोटाखालीही अक्षरं असतात.

पण उघडायच्या आधी एक काम. टोपी नाही ना, पाहा. तोंड रिकाम्या बाजूला ठेवून गज आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज नळीला बाहेरून लावा. टोपी बसते त्या बोंडापाशी पोचला पाहिजे. कमी पडला तर आत बार आहे. कोरडी काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

ओटीवरची_सून:
गज चार बोटं कमी पडला.

मला दरदरून घाम फुटला. ज्या बंदुकीखाली मुलं अभ्यास करतात! काकांना विचारलं तर ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, “डुकरांसाठी ठासली होती, डुक्कर आलंच नाही.” कुठल्या वर्षी? “भात निसवलं होतं तेव्हा.” बस, एवढंच.

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे काका स्वतः घेऊन गेले, मी सोबत. त्याने बोंड काढून तिथून पाणी सोडलं, दोन तासांनी गजाला स्क्रू लावून ओढलं. काथ्याचा बोळा, मूठभर छर्रे, पुन्हा काथ्या आणि काळा चिखल. मग तीन कडी सैल करून नळी उचलली. खोबणीत नाव नाही! दुरुस्तीवाला म्हणाला, हे लाकूडच विलायती नव्हे, शिवणीचं आहे, कुणा सुताराने नवं घातलंय. नळीच्या पोटाखाली ‘जे. टी.’ अशी दोन अक्षरं आहेत आणि कड्यांवर आतून तीन-तीन रेघा.

काडतूस_नको:
रेघा जोडणीच्या. एका बंदुकीचे भाग दुसरीत मिसळू नयेत म्हणून. ‘जे. टी.’ बहुधा नळी घडवणाऱ्याची अक्षरं, बंदूक विकणाऱ्याचं नाव नव्हे. बर्मिंगहॅमात नळी एकाची, घोडा दुसऱ्याचा आणि लाकूड तिसऱ्याचं असे. मूळ लाकूड गेलं तिथे नावही गेलं. परवान्यात ‘टॉवर’ आहे ते राहू दे, पण घरात १८६०-६९, बर्मिंगहॅम असं लिहून ठेवा.

ओटीवरची_सून:
लिहिलं. लाकूड शिवणीचं, हेही लिहिलं. पेशवाईचं काकांना अजून सांगितलेलं नाही.