पुण्यात मळभ जुलैतच
थंडीत दिवस लहान, म्हणून मन उदास, असं बरेचदा म्हटलं जातं. उत्तर युरोपात ते पटतं. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं, तेही अमेरिकेत. पुण्यात मात्र डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा, वर लख्ख ऊन! आपली खरी पंचाईत जुलै-ऑगस्टात. सूर्य गायब, कपडे ओले, घरभर कुबट वास. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि ढगाळ आभाळाखालीही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. त्यामुळे उघडीप मिळाली की सकाळी तळजाई टेकडीवर चक्कर मारावी, छत्री घेऊनच. एप्रिल-मेबद्दल तर बोलूच नका. रात्रभर उकाड्याने झोप नाही, मग चिडचिड होणारच.