तेलकट कपाळ, फुटलेल्या नडग्या: घरात तिघींना कुठलं तेल?

टिळकवाडी_वहिनी: थंडी पडली, वारं नुसतं झोंबायलंय. सासूबाईंच्या नडग्यांना भेगा आणि पांढरे पापुद्रे, मुलीच्या कपाळावर मुरमं, माझं नाक तेलकट पण गाल ओढल्यासारखे. कुठलं तेल आणू? बजेट ४०० रुपये, तिघींचं मिळून. क्रीम सुचवू नका, सासूबाई लावत नाहीत.

खानापूरकर: खोबरेल. विषय संपला. आमच्या आजीनं जन्मभर तेच लावलं.

अनगोळ_९०: आर्गन घ्या. नणंदेनं बेंगळूरहून आणून दिलं, १,४०० ला ३० मिली. रात्री दोनच थेंब लागतात, पुरतं.

निपाणीचा_पाव्हणा: वहिनी ४०० म्हणाल्यात वो!

शहापूर_माहेर: मुरमांवर खोबरेल नको. आमच्या धाकटीनं गॅदरिंगच्या तोंडावर लावलं, कपाळभर पुरळ. फोटोत सगळीकडं केस पुढं घेऊन उभी आहे.

बीफार्म_चिक्कोडी: खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल. हातापायाला उत्तम, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजतात. तेलकट त्वचेला लिनोलेइक आम्ल जास्त असलेलं हलकं तेल बघा. साध्या करडईत ते ७० टक्क्यांच्या वर असतं. हल्ली ओलेइक आम्ल जास्त, म्हणजे लिनोलेइक कमी असलेल्या जातीही आल्यात, म्हणून लेबल वाचा. जोजोबा म्हणजे खरं तर द्रवरूप मेण, चेहऱ्याला चालतं, पण महाग. सासूबाईंना तिळाचं किंवा खोबरेल, आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच. तेलानं ओलावा येत नाही, असलेला टिकतो. तुम्हाला करडईच, गालावर दोन थेंब, नाक सोडून. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. मुरमं पिकून दुखत असतील तर तेलाचा नाद सोडा, डॉक्टरला दाखवा.

खानापूरकर: लाकडी घाण्याचं खोबरेल असलं की काही होत नाही. त्यांनी कंपनीचं लावलं असणार.

बीफार्म_चिक्कोडी: घाणा लाकडी असो नाहीतर लोखंडी, लॉरिक तेवढंच राहतं.

वडगाव_माग: घाण्यावर जाणार असाल तर 'गाणद एण्णे' (कानडीत घाण्याचं तेल) अशी पाटी बघा. कुसुबे मागितलं की करडई देतात. ताजं तेल गढूळ असतं, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ घ्या. भजी पण फक्कड होतात.

निपाणीचा_पाव्हणा: भजीची गाडी कुठली चांगली, तेवढं सांगा गा.

हलगा_शेतकरी: मला खाज सुटलेली, करंजेल चोळलं. खाज गेली, पण बायकोनं माझं अंथरूण सोप्यात टाकलं.

शहापूर_माहेर: मुरमांवर खोबरेल नको हे मी आधीच लिहिलंय. कोण वाचतंय!

टिळकवाडी_वहिनी: सगळ्यांचे आभार. करडईच आणायला निघाले होते, सासूबाई सोबत आल्या. रविवार पेठेत त्यांनी बदाम तेलाची बाटली उघडून हुंगली आणि तिथंच ठरलं. २१० रुपये. तिघींना तेच. उरलेल्या पैशाचा कुंदा, गोड म्हणून.

बीफार्म_चिक्कोडी: बाटली उलटी करून घटक वाचलात का? डोक्याला लावायच्या सुगंधी बदाम तेलात पुष्कळदा खनिज तेलच जास्त असतं.

अनगोळ_९०: म्हणून आर्गन म्हणत होते.

टिळकवाडी_वहिनी: बाटली सासूबाईंच्या कपाटात आहे. किल्ली त्यांच्या कमरेला.