मदत हवी आहे : क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक तोडणाऱ्या जिवाणूची क्षमता गेली, प्लाझमिड तपासू की जनुक?

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात पऱ्हाटीच्या वावराला लागून असलेल्या विहिरीच्या गाळातून एक जिवाणू वेगळा केला. क्लोरपायरिफॉस हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या माध्यमात चौथ्या दिवशी नळी दुधाळ झाली. जिवाणू नसलेली नळी स्वच्छ राहिली. औषध शुद्ध होतं, फवारणीचं नव्हे, आणि विद्रावक आधी उडवला होता, त्यामुळे त्याच्यावर वाढ झाली असं नाही.

नंतर साध्या पोषक आगरवर सहा वेळा उपसंवर्धन केलं. वसाहती तशाच फिकट पिवळ्या, पण औषधाच्या माध्यमात आता वाढच नाही. औषधाचा ताण नसताना प्लाझमिड (जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचा वेगळा डीएनए) गळून पडला असावा, असं मला वाटतं. कारण अशी औषधं तोडणारं विकर बनवणारं ओपीडी जनुक बऱ्याच जिवाणूंत प्लाझमिडवरच सापडलं आहे.

दुसऱ्या उपसंवर्धनाची एकच गोठवलेली ग्लिसरॉल नळी शिल्लक आहे. भारनियमनात ती दोनदा वितळली, पण त्यातून घेतलेला जिवाणू अजून औषधावर वाढतो. याच्यावर ओपीडीचा पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते आहे का ते पाहणारी चाचणी) केला, जेलवर पट्टी आली नाही. खात्रीचा ओपीडी जिवाणू तुलनेला नव्हता, ही उणीव मला मान्य आहे.

एमपीडी जनुकही हेच काम करतं, पण त्याचा क्रम ओपीडीशी जुळत नाही. त्याचे प्रायमर (पीसीआरमध्ये जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) वेगळे मागवावे लागतील. सिक्वेन्सिंगची (डीएनएचा क्रम वाचण्याची) सोय नाही, पैसेही एकाच फेरीपुरते.

मग आधी एमपीडीचे प्रायमर मागवू, की दोन्ही संवर्धनांतले प्लाझमिड काढून जेलवर शेजारी शेजारी चालवू? आणि प्लाझमिड मोठा असेल तर अल्कलीने पेशी फोडायच्या साध्या पद्धतीने तो हाती लागेल का?