पार्किन्सन्स घरात आहे, पण तुमचं स्वतःचं काय चाललंय? (अनुभव धागा)

मागच्या मंगळवारी मी यांच्यावर ओरडले. कारण काय, तर शर्टाची बटणं. इथे नागपुरात धंतोलीत डॉक्टरांची साडेअकराची अपॉइंटमेंट, खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला, आणि हे तिसऱ्या बटणावर अडकलेले, मी हात लावला की झटकायचे, माझं मी करतो म्हणून. वीस मिनिटं झाली. शेवटी तोंडातून निघालंच, मुद्दाम करता तुम्ही! चेहरा हललासुद्धा नाही यांचा. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मुखवटा घातल्यासारखं होतं, हे मला नऊ वर्षांपासून माहिती आहे, तरी तेव्हा वाटलं की या माणसाला काही वाटतच नाही. ऑटोत बसल्यावर बघते तर चेहरा तसाच दगडासारखा आणि डोळ्यातून पाणी.

तेव्हापासून डोक्यात आहे की घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांनी एकदा बोलावं. राग, कंटाळा, चोरून रडणं, काहीही लिहा. फक्त 'कंपवातावर आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत' हे नको बापा. खाजकुयरीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे या आजाराच्या गोळ्यांतलंच औषध, असतं तेही माहिती आहे, म्हणूनच तर गोळ्या चालू असताना मनाने देत नाही.

महाल, सासऱ्यांना सहा वर्षं

मुद्दाम करतात हे मलाही वाटायचं, पण त्याहून जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा. आमची नणंद पुण्याला असते, रोज सकाळी अकराला फोन करायची. दहाची गोळी तोवर चढलेली असते, त्यामुळे बाबा मस्त बोलायचे, आणि मग मला, "अगं किती छान आहेत, तू उगाच टेन्शन घेतेस." गोळीचा असर उतरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही हे तिला कसं सांगू? सांगितलं की मी कांगावाखोर. दिवाळीत ती चार दिवस आली. दुसऱ्याच दिवशी चारच्या सुमारास बाबा बाथरूमच्या दारात थिजले, पाय जमिनीला खिळल्यासारखे. हिनं हात धरून ओढलं, ते पडतापडता वाचले. ओढायचं नसतं, मी पॅसेजमध्ये लाल टेपच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, पट्टी ओलांडा बाबा म्हटलं की पाय उचलतात. ताई तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण बरं वाटलं. आता फोन चारला येतो.

(गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी देतो, डाळ-पनीर बऱ्यापैकी रात्रीवर ढकललं, डॉक्टरांना विचारूनच, प्रोटीनमुळे लेव्होडोपा नीट लागत नाही म्हणून. दुपारी वरण कमी का म्हणून बाबा अजून रुसतात.)

मानेवाडा, आई

मी असं कधी लिहीत नाही, बायकोनं वाचून दाखवलं म्हणून लिहून राहिलो. बायकोची सकाळची ड्युटी, म्हणून आईची आंघोळ माझ्याकडे. पहिल्या दिवशी मायलेक दोघंही नजर चोरून होतो. मी नळाकडे पाहून राहिलो, ती भिंतीकडे. तीनचार दिवसांनी तीच म्हणाली, कानामागे घास रे नीट. लहानपणी मला म्हणायची तसंच. मग सोपं झालं. पण दोस्त सुटले. शंकरनगरच्या टपरीवर पोट्टे विचारायचे, काहून बे दिसत नाही? आता विचारत नाहीत. माझं वय 38, बीपी 150 वर 100. डॉक्टर म्हणे झोप पूर्ण करा. रात्री आईला कूस बदलता येत नाही, तीनदा उठतो. केव्हा झोपू ते नाही सांगितलं.

धरमपेठ, मिस्टर

नाव लिहिणार नाही. आमच्या यांनी मोबाइलवर रमी खेळून दोन लाख चाळीस हजार घालवले. आयुष्यभर चहासुद्धा घरूनच पिऊन निघालेला माणूस! मी चार महिने बोलले नाही, बोलले ते टोचूनच. मुलासमोर जुगारी म्हटलं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "खरेदी, पत्ते, खाणं, असं काही अचानक वाढलंय का?" मी बघतच राहिले. प्रामिपेक्सोल ही पार्किन्सन्सचीच गोळी चालू होती, त्या जातीच्या औषधांनी काही जणांचा स्वतःवरचा ताबा सुटतो म्हणे. आधीच्या ठिकाणी कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. डोस हळूहळू कमी केला (एकदम बंद करू नका कोणी, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं), दीडदोन महिन्यांत रमी सुटली. पैशांचं जाऊ द्या. मी जे बोलले ते कसं परत घेऊ? यांना म्हटलं तर म्हणतात, मला आठवत नाही. आठवतं त्यांना.

सक्करदरा, वय 68

आमच्याकडे आधी लाथा आल्या. झोपेत हे स्वप्नातल्यासारखं खरोखरच हातपाय मारायचे, एकदा माझ्या डोळ्याखाली काळंनिळं झालं, आणि भाजीवालीनं माझ्याकडे असं पाहिलं की बस. 41 वर्षांनी वेगळ्या पलंगावर झोपायला लागलो, त्याचं मला लागलं तेवढं काळंनिळं झाल्याचं नाही. नंतर लहान मुलं दिसायला लागली. कूलरसमोर दोन मुलं बसतात म्हणे. आधी मी भांडायची, कोणी नाही तिथं. एक दिवस पोहे देताना म्हणाले, त्यांनाही दे, उपाशी आहेत. मी दोन बशा ठेवल्या. काय करणार? शांत खाल्लं त्या दिवशी. मुलगा चिडला, आई तूपण? औषधं बदलल्यावर मुलं कमी येतात. परवा दोन दिवस आली नाहीत तर मीच कूलरकडे पाहून राहिले होते.

त्रिमूर्तीनगर, वडील

माझं थोडक्यात. मला कौन्सेलरकडे जावं लागलं, यात लाजायचं काय ते मला अजून कळलं नाही. तिनं एक फॉर्म दिला, झरित म्हणतात, करणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायचा, 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4. त्यात एक होता, आजारी माणसाजवळ असताना राग येतो का? म्हणजे हा प्रश्न छापलेला आहे! इतक्या लोकांना येतो की छापावा लागला! मी तिथंच हसायला लागलो आणि मग थांबेचना, आणि ते हसणं नव्हतंच. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे, सर्टिफिकेटच्या मागे लागा, आमच्याकडे पाच वर्षं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

इतवारी, आई (गेली)

दोन वर्षं झाली. सहा, दहा, दोन, सहाचे अलार्म मी अजून काढले नाहीत. आई गेली त्या रात्री मी सलग नऊ तास झोपले, बाहेर पाहुणे, आत मी घोरत. काकू म्हणाली, पोरगी दमली बिचारी. मला मात्र मोकळं वाटलं होतं. हे आज पहिल्यांदा कुठे लिहून राहिले. दुपारी दोनचा अलार्म वाजला की अजून पाण्याचा ग्लास भरते.

मानेवाडा, आई

इतवारीच्या ताई, अलार्म राहू द्या. ते बटणवाल्या ताई, मग शर्टाचं काय केलं?

(धागा सुरू करणारी)

बटणं शिवूनच टाकली वरून, आतून वेलक्रो. नुसतं दाबलं की बंद. पण वरचं एक खरं ठेवायला लावलं यांनी, ते माझं म्हणाले. त्याला आठ मिनिटं लागतात. मी तेवढ्यात कणीक मळून घेते, तिकडे बघत नाही.

महाल, सासऱ्यांना सहा वर्षं

टेलर कोणता? आमच्या बाबांचे पाच शर्ट आहेत.

(धागा सुरू करणारी)

टेलर नाही हो, घराजवळचा अल्टरेशनवाला. चाळीस रुपये शर्टामागे घेतो. वेलक्रो मात्र सीताबर्डीच्या बाजारातून आपलं आपण न्यायचं, त्याच्याकडचं दोन धुण्यांत निघतं.